खाडीपाशी थांबावंच लागतं

कोकणात समुद्र उजव्या हाताला धरून सरळ दक्षिणेकडे चालत सुटावं म्हटलं तर जमत नाही. थोडं पुढे गेलं की खाडी आडवी येते. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटण, कर्ली, तेरेखोल. सह्याद्रीतून उतरणाऱ्या या नद्या लांबीने आखूड, पण समुद्राला भेटताना ऐसपैस होतात. पलीकडचं गाव समोर दिसत असतं, कौलांवर वाळत घातलेल्या गोधड्यांचे रंगसुद्धा ओळखू येतात, आणि तरी तिथं पोचायला एकतर होडी हवी, नाहीतर पार आत जाऊन पुलावरून वळसा. नकाशावर बोटभर अंतर आणि रस्त्याने अर्धा दिवस.

मी आणि माझी मैत्रीण पाठीवर सॅक टाकून हरिहरेश्वरहून निघालो तेव्हा हे वाचून माहीत होतं. जमेल तिथं पायी, नाहीतर एसटी, खाडी आली की होडी किंवा फेरीबोट, असं करत गोव्याच्या हद्दीपर्यंत जायचं होतं. पण या प्रवासात जी माणसं भेटली ती जवळजवळ सगळी खाडीने, उशिरा येणाऱ्या एसटीने किंवा एखाद्या गावच्या देवाने आम्हाला थांबवलं म्हणून भेटली. चालताना कुणी भेटत नाही, एवढं माझं ठाम मत झालंय. चालताना फक्त हात हलवले जातात.

मैत्रीण नागपूरची. समुद्र तिने सहलीपुरता पाहिलेला. मी पुण्याची, त्यामुळे कोकण माझं वर्षातून दोनदा जायचं ठिकाण. मी फोनवर नकाशा उघडते, ती समोरच्या माणसाला विचारते. ‘काका, आम्ही चालत चालत जाऊन राहिलो, हा रस्ता कुठं निघते?’ हे तिचं बोलणं ऐकलं की समोरचा आधी तिच्याकडे बघायचा, मग ‘तुम्ही कुठल्या?’ विचारायचा, आणि नागपूर म्हटलं की बसायला पाट किंवा खुर्ची यायची. पुढचा प्रश्न ठरलेला: ‘दोघीच?’

हा प्रश्न सगळीकडे आला. रोज संध्याकाळी फोनवर तिची आईही तोच विचारायची, वेगळ्या शब्दांत. ‘आज कोणाकडं उतरल्या वं? घरात बाया आहेत ना?’ या भटकंतीला आईचा विरोध नव्हता, पण समुद्रकाठच्या अनोळखी गावांवर तिचा भरवसाही नव्हता. मैत्रीण तिला घराचं, जेवणाचं, घरातल्या माणसांचं सविस्तर वर्णन द्यायची. मला वाटतं, त्या रोजच्या फोनमुळेच ती माणसांकडे इतकं नीट बघायला शिकली. रात्री आईला सांगायचं असायचं ना.

बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरलो, बाणकोटचा किल्ला मागे टाकला आणि वेळासला पोचलो. नाना फडणविसांचं हे मूळ गाव आता ओळखलं जातं ते कासवांसाठी. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिवाळ्यात रात्री या किनाऱ्यावर येतात, वाळूत खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालतात आणि खड्डा बुजवून निघून जातात. पूर्वी ही घरटी माणसं उकरायची, आणि माणसांतून वाचलेली कोल्ही-कुत्री. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली इथं काम सुरू केलं, गावाला बरोबर घेतलं, आणि आता गावातलीच मुलं कासवमित्र म्हणून पहाटे किनारा धुंडाळतात, अंडी कुंपणाच्या आत तशाच खोलीच्या खड्ड्यात पुन्हा पुरतात. वाळूच्या उबेवर अवलंबून दीड ते दोन महिन्यांत पिल्लं वर येतात. पिल्लू नर होणार की मादी, हेही त्या उबेवरच ठरतं.

सकाळी आणि संध्याकाळी घरट्यांवरच्या टोपल्या उचलून बघतात. आम्ही गेलो तेव्हा टोपल्या रिकाम्या. संध्याकाळीही रिकाम्या. आमचा बेत पुढे केळशीला निघायचा होता. पण कासवमित्र मुलगा म्हणाला, ‘तिकडच्या कोपऱ्यातल्या घरट्याची वाळू थोडी खचलीय. मी असतो तर थांबलो असतो.’ थांबलो.

दुसऱ्या सकाळी त्याने टोपली उचलली आणि खाली वाळूच हलत होती. एक डोकं वर आलं, मग त्याच्या मानेवर पाय देऊन दुसरं. करडी-काळी, तळहाताहून लहान, डोळ्यांच्या कडांना वाळूचे कण चिकटलेले. त्याने ती पाटीत घेतली आणि पाण्यापासून बऱ्याच अंतरावर, ओल्या वाळूवर सोडली. मैत्रिणीने विचारलं, पाण्यातच का नाही सोडत? तो म्हणाला, हे चालणं त्यांचं त्यांनीच करायचं असतं. एक पिल्लू माणसाच्या पावलाच्या खळग्यात उतरलं आणि त्याला चढता येईना. कुणी हात लावला नाही. ते एका बाजूने चढायचं, घसरायचं, वळून दुसरी बाजू धरायचं. शेवटी लाटेची पातळ कडा त्या खळग्यापर्यंत आली, खळगा भरला आणि ते पोहत बाहेर पडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मैत्रीण रडत होती आणि ते लपवायची तिला गरज वाटली नाही.

मादी पुन्हा आपल्याच जन्माच्या किनारपट्टीला अंडी घालायला येते, असं तिथं ऐकलं. पुढे गुहागरला त्याला एक विलक्षण पुरवणी मिळाली. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली जिला टॅग लावला होता, ती ०३२३३ क्रमांकाची मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालायला आली. देशाच्या त्या टोकाकडून या टोकाला, निदान साडेतीन हजार किलोमीटर. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवं वेगवेगळी असं मानलं जायचं. तिने ते मानलं नाही. गुहागरच्या त्या लांबच लांब, सुरूच्या बनाने धरलेल्या किनाऱ्यावर चालताना मैत्रीण म्हणाली, ‘म्हणजे तिलाही विचारलं असंल कोणी, एकटीच?’

केळशी, आंजर्ले भरभर मागे पडली. हर्णैला संध्याकाळच्या मासळीच्या लिलावात तास-दीड तास नुसत्या उभ्या होतो. खरं थांबणं झालं ते दाभोळला.

दाभोळ हे एके काळी मोठं बंदर. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी हिंदुस्थानात फिरून परत निघाला तो याच बंदरातून. आता धक्क्यावर फेरीबोटीसाठी मोटारसायकली, गाड्या आणि आंब्याच्या रिकाम्या पेट्यांनी भरलेला टेम्पो उभा होता. पलीकडे धोपावे. बोट नुकतीच सुटली होती. धक्क्याच्या सावलीला एक आजोबा बसले होते, पांढरी टोपी, स्वच्छ लुंगी, हातात काठी. त्यांनी सरकून आम्हाला जागा दिली. ‘दोघीच?’ झालं, नागपूर झालं.

तरुणपणी ते बोटीवर होते. इंजिन रूममध्ये. मैत्रिणीने विचारलं, कुठं कुठं गेलात? त्यांनी बोटांवर मोजत नावं घेतली. योकोहामा, रॉटरडॅम, सँटोस, मोंबासा. आम्ही गणपतीपुळ्याच्या वाटेवर आहोत म्हटल्यावर म्हणाले, ‘ते मी नाही पाहिलं. इथून जवळच, पण राहिलं. सुट्टीला घरी यायचो ना, तर घरच पुरं पडायचं नाही.’ मग बराच वेळ समोरच्या काठाकडे बघत राहिले.

मी सहज म्हटलं की फेरीबोटीची ही वाट बघण्यात मजा आहे, आता खाड्यांवर पूल होणार म्हणतात, मग ही मजा जाईल. रेवस ते रेडी सागरी महामार्गावर मोठ्या खाड्यांवर पूल बांधायचं काम हाती घेतलं आहे, त्याबद्दल मी बोलत होते. आजोबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. आवाज चढला नाही. म्हणाले, ‘बेटी, ही फेरीबोट २००३ ची. त्याआधी होडी. माझी अम्मी आजारी पडली तेव्हा रात्र होती, भरती होती, वारा होता. होडीवाल्याने नाही म्हटलं, त्याची चूक नव्हती. सकाळ होईपर्यंत आम्ही या धक्क्यावर बसलो तिला घेऊन. पूल झाला पाहिजे. मी बघायला असलो-नसलो तरी झाला पाहिजे.’

यावर मला बोलण्यासारखं काही नव्हतं, आणि आजही नाही. ज्यांना रोज खाडी ओलांडायची आहे त्यांच्यासाठी पूल व्हायलाच हवेत, लवकर व्हायला हवेत. बोट आली तेव्हा ते उठले नाहीत. त्यांना पलीकडे जायचंच नव्हतं. रोज दुपारी ते तिथं येऊन बसतात, एवढंच. आम्ही बोटीत चढल्यावर त्यांनी काठी वर करून निरोप दिला आणि ओरडून सांगितलं, ‘गणपतीपुळे कसं आहे ते परत येताना सांगा!’

गुहागरच्या पुढे शिमगा आम्हाला आडवा आला. होळी होऊन गेली होती आणि देव पालख्यांतून गावात हिंडत होते. कोकणातला शिमगा बाहेरच्यांना रंगांचा सण वाटतो, पण इथल्या माणसाला विचाराल तर शिमगा म्हणजे पालखी. वर्षभर देवळात असलेला देव या दिवसांत उठून घरोघरी येतो. दार कुणाचंही असो, लहान, मोठं, कुलूप लावून मुंबईला गेलेलं. म्हणून मुंबईची माणसं काहीही करून येतात. गणपतीला आणि शिमग्याला दिवा-डोंबिवली-विरारहून येणारा चाकरमानी रेल्वेत उभा राहून येईल, पण येईल.

आमची एसटी हेदवीच्या पुढे एका वाडीपाशी थांबली. ढोल ऐकू येत होता. पालखी रस्ता ओलांडत होती. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, चपला काढल्या आणि खाली उतरला. कंडक्टरही. मग सगळी गाडी रिकामी झाली. खांद्यावर पालखी नाचत होती, गुलाल उधळला जात होता, आणि पालखी समोरच्या घराच्या अंगणात शिरली. अंगण शेणाने सारवलेलं, रांगोळीवर पावलं पडून ती फिसकटलेली. आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या. घरातल्या आजींनी हात करून बोलावलं. ‘देव घरात आलाय आणि तुम्ही बाहेर का उभ्या?’

एसटी नंतर निघून गेली. कंडक्टरने खिडकीतून आमच्या सॅक घराच्या ओट्यावर नीट ठेवून दिल्या होत्या. त्याला आमच्याआधी कळलं होतं की आम्ही इथून इतक्यात निघत नाही.

ओट्या भरून झाल्या. मग गाऱ्हाणं. मानकरी पुढे झाले, पागोटं सारखं केलं, हात जोडले आणि एका लयीत सुरू केलं. ‘बा देवा महाराजा! आज फाल्गुनात वडिलांपासून चालत आलेली तुझी रीत या घरच्या मंडळींनी जमेल तशी केलेली आहे महाराजा!’ सगळं अंगण एका आवाजात म्हणालं, ‘व्हय महाराजा!’ घरातल्या एकेकाचं मागणं त्यात येत गेलं. मुंबईला नोकरी सुटलेल्या मुलाचं. मूल होत नसलेल्या सुनेचं. आंब्याचा मोहोर करपला त्याचं. प्रत्येक मागण्यावर ‘व्हय महाराजा’. ते ऐकताना कळत होतं की या घराचं दुःख आता या घरापुरतं राहिलेलं नाही, अंगणभर माणसांनी त्याला होकार भरलाय.

गाऱ्हाणं संपत आलं असं वाटलं तेवढ्यात आजींनी मानकऱ्यांना खूण केली, आमच्याकडे बोट दाखवलं. त्यांनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि लय न तोडता म्हणाले, ‘आणि महाराजा, या दोन लेकी वाटसरू आहेत. परक्या मुलखातनं तुझ्या दारी आल्या. पुढे कुठल्या खाडीवर, कुठल्या घाटीत, कुठल्या रानात असतील तिथं त्यांच्या मागंपुढं उभा राहा महाराजा!’

‘व्हय महाराजा!’

आमची नावंही त्यांना माहीत नव्हती. मी देवाला रोज हात जोडणाऱ्यांतली नाही. पण तेवढी माणसं एका श्वासात माझ्या वाटेसाठी ‘हो’ म्हणाली, याचं ओझं नाही, तर बळ वाटतं अजून. मैत्रिणीने त्या रात्री आईला फोनवर हे सगळं गाऱ्हाणं शब्दशः म्हणून दाखवलं. पलीकडून बराच वेळ आवाज नव्हता. मग आई म्हणाली, ‘त्या आजीला माझा नमस्कार सांग.’ त्या दिवसापासून ‘घरात बाया आहेत ना’ हा प्रश्न बंद झाला. त्याऐवजी ‘आज काय खाल्लं?’ सुरू झालं.

तवसाळहून जयगडला खाडी ओलांडली. गणपतीपुळे पाहिलं, आजोबांना सांगायचं म्हणून नीट पाहिलं. रत्नागिरीत थिबा पॅलेसला गेलो. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. इंग्रजांनी १८८५ साली त्याचं राज्य घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला इथं आणून ठेवलं. हा राजवाडा त्याच्यासाठी बांधला तो १९१० च्या सुमारास, आणि १९१६ च्या डिसेंबरात तो इथंच वारला. तीस वर्षं. आपल्या मुलखाकडे परत नेणारं गलबत कधी आलं नाही. त्याच्या थोरल्या मुलीची मुलगी टूटू रत्नागिरीतच वाढली, इथल्या माणसाशी लग्न केलं, मराठी बोलत म्हातारी झाली आणि २००० साली गेली. दुपारी जिथं जेवलो त्या खानावळीतल्या मावशी म्हणाल्या, ‘मी लहानपणी बघितलीय त्यांना. आमच्यासारख्याच होत्या.’ एवढं बोलून त्या भाकरी थापायला वळल्या.

कशेळीला हत्ती भेटला.

कनकादित्याच्या देवळातून बाहेर पडून एसटीची वाट बघत थांब्यावर बसलो होतो. ऊन कलायला अजून अवकाश होता. गुरं घेऊन चाललेल्या एका काकांना मैत्रिणीने गाडीचं विचारलं. त्यांनी सूर्याकडे पाहून सांगितलं, ‘तासाभराच्या वर आहे अजून. तोवर हत्ती बघून या.’

‘हत्ती?’

‘सड्यावर. चला, मी तिकडेच जातोय.’

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. मार्चच्या उन्हात तो तापून निघालेला, गवत वाळून काडी झालेलं, लांबवर समुद्राची रेघ. या सड्यांवर रत्नागिरी, राजापूरपासून खाली सिंधुदुर्ग आणि गोव्यापर्यंत कातळशिल्पं आहेत. माणसाने दगडात कोरलेल्या प्राण्यांच्या, माशांच्या, माणसांच्या आकृत्या. काही हजारो वर्षांपूर्वीच्या, शेतीच्या आधीच्या माणसांच्या असाव्यात असं अभ्यासक मानतात. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी वर्षानुवर्षं गावोगाव फिरून, गुराख्यांना, शेतकऱ्यांना विचारून यांतली कितीतरी उजेडात आणली. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत ती गेली. हे सगळं मी वाचलं होतं. पण समोर सडा आला तेव्हा मला दगडाशिवाय काही दिसेना.

काकांनी बाजूच्या झुडपाचा टाहाळा मोडला आणि वाकून झाडायला सुरुवात केली. सुकलेलं गवत, माती, शेळ्यांच्या लेंड्या बाजूला झाल्या आणि बोटभर रुंदीची एक चर दिसली. ते झाडत पुढे सरकत गेले, चर वळत गेली. ‘हा पाय.’ आणखी पुढे. ‘ही सोंड. इकडे उभ्या राहा, तिथनं कळायचं नाही.’ आम्ही मागे, आणखी मागे सरकलो, आणि मग एकदम ती सगळी रेघ जुळली. सुमारे अठरा मीटर लांब, तेरा मीटर उंच हत्ती सड्यावर आडवा पडलेला. त्याच्या पोटात लहान लहान कितीतरी आकृत्या. जनावरं, पक्षी, मासे. काका एकेक दाखवत होते. ‘हा पाकट मासा बघा, शेपूट केवढी.’

मी विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत आहे हे? ते म्हणाले, ‘पोर असल्यापासून. या रेघांत आम्ही गोट्या खेळायचो. कुणी मोठा माणूस येऊन याला मोल आहे म्हणाला तेव्हा कळलं की गोट्या खेळायच्या नव्हत्या.’ त्यांनी उरलेली माती तळहाताने पुसली. आता त्या सड्यावरून गाडी जाऊ नये, कुणी चिरेखाण काढू नये म्हणून गावातली माणसं लक्ष ठेवतात. ज्या माणसाने हा हत्ती कोरला त्याने आपल्या आसपास हत्ती पाहिला होता का, आणि पाहिला असेल तर इतकी जनावरं त्याच्या पोटात का घातली, याचं उत्तर कुणाकडेच नाही. मैत्रीण सड्यावर मांडी घालून बसली आणि उठायला तयार नव्हती. खाली रस्त्यावरून आमची एसटी हॉर्न वाजवत गेली. आम्ही तिला जाऊ दिलं.

विजयदुर्ग, देवगड करत मालवण तालुक्यात शिरलो. तोंडवळीच्या पुढे तळाशील म्हणून वस्ती आहे. जमिनीचा अगदी अरुंद पट्टा. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कालावलची खाडी. टोकाला पोचलं की पुढे जमीन संपते. पलीकडे सर्जेकोट. होडी काठाला बांधलेली, होडीवाला नाही.

अंगणात सुकट वाळत घालणाऱ्या काकींना मैत्रिणीने हाक मारली. ‘होडीवालो रापणीर गेलो हा,’ त्या म्हणाल्या. ‘येतलो. दोगीच?’ आणि हो म्हटल्यावर, ‘मगे तुमीय ओढा जावा. तवसर बसान काय करतल्यात?’

समुद्राच्या बाजूला गेलो. रापण लागली होती. होडीतून जाळं अर्धगोलात टाकत जातात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात. मग दोन्हीकडे माणसांच्या रांगा. म्हातारे, पोरं, बाया. दोर कमरेशी धरून पाठीने मागे मागे सरकायचं, माडांपर्यंत पोचलं की दोर सोडून पुन्हा पाण्याकडे धावायचं आणि पुढून धरायचं. रांग अशी फिरत राहते. रापणीचे म्होरके, म्हातारे तांडेल, त्यांनी आम्हाला जागा करून दिली. नारळाच्या काथ्याची धग तळहाताला पहिल्या काही मिनिटांतच लागली. पुढच्या मुलाने मागे न बघता सांगितलं, ‘हातान नको, आंगान ओढा.’ तसं केल्यावर जाळ्याचं वजन पाठीत आलं आणि मग ते जमलं. मधूनच तांडेलांची हाक यायची, एक बाजू थांबायची, दुसरी ओढायची. जाळं वाकडं आलं तर मासा निसटतो. तिथं जोर करणाऱ्यापेक्षा एकमेकांचा अंदाज घेणाऱ्याला किंमत आहे.

जाळं जवळ आलं तसं पाणी आधी काळपट आणि मग चांदीचं झालं. तारली, पेडवे, बांगडे. त्यात एक मोठं पाकट, मालवणीत वागळी, पंख वर-खाली करत वाळूवर आलं. मी आणि मैत्रिणीने एकमेकींकडे पाहिलं. हीच शेपूट, हीच पाठ. हत्तीच्या पोटात ज्याने ती कोरली त्याने ती अशीच, पाण्यातून ओढून काढलेली, वाळूवर पाहिली असणार.

मासळी पूर्वीसारखी राहिली नाही, असं सगळेच म्हणत होते. यांत्रिक बोटींची पर्ससीन जाळी खोल पाण्यातच थवेच्या थवे उचलतात, मग किनाऱ्याशी काय येणार? २०१६ साली राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले, पण रात्री समुद्रात दिवे दिसतात, हे तिथल्या प्रत्येकाने सांगितलं. रापण ही वर्षानुवर्षं चालत आलेली वाटणी आहे. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, माणसांचे वाटे. तांडेलांनी वाटे घातले आणि एक वाटा आमच्यापुढे सरकवला. आम्ही नको नको म्हणालो. ‘जो दोर ओढता, तेका वाटो गावता,’ ते म्हणाले. यात दया नव्हती, पाहुणचारही नव्हता. तो नियम होता, म्हणून जास्त आनंद झाला.

आमच्याकडे ना चूल ना भांडं. तोवर सुकटवाल्या काकी तिथं आल्याच होत्या. त्यांनी बांगडे आपल्या टोपात घातले आणि पुढे चालू लागल्या. घरी त्यांनी पाट्यावर खोबरं-मिरची वाटली, तिरफळं ठेचून घातली, बांगड्याचो तिखलो केला, बरोबर उकड्या तांदळाचा भात. होडीवाला, म्हणजे त्यांचा पुतण्या, आमच्याबरोबरच जेवला. तेवढ्यात मैत्रिणीच्या आईचा फोन.

‘आज काय खाल्लं?’ मैत्रीण सांगायला लागली तसा काकींनी हात पुढे केला. ‘आवस? दी हय.’ फोन घेऊन त्या ओट्यावर बसल्या. ‘चेडवां दोनय बरी आसत. काळजी करू नकात. आज रापण वडल्यानी त्येनी!’ पलीकडून आईने विचारलं असावं की तिरफळ म्हणजे काय, कारण काकी उठून डब्यातून चार तिरफळं काढून फोनसमोर धरत होत्या. मग वऱ्हाडी आणि मालवणी असं सुरू झालं. नागपुरात मासे कुठून येतात, भात रोज खाता की पोळी, मुलगी काय शिकली, लग्नाचं काय, उन्हाळ्यात तिकडे म्हणे माणसं घराबाहेर पडत नाहीत. दोघींना एकमेकींची निम्मी भाषा कळत नव्हती आणि त्याने काहीच अडत नव्हतं.

पुतण्याने भरती बघून सांगितलं, आता निघायला हवं. आम्ही सॅक पाठीवर घेतल्या. काकींनी फोन कानाला तसाच ठेवून त्याला हाताने थांब म्हणून सांगितलं आणि आईला तिखल्यात आधी काय घालायचं ते पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. तो होडीवर जाऊन बसला, आम्ही सॅक उतरवून पुन्हा ओट्यावर.